सोशिऑलॉजी मेजर घेताय? आधी एक दोनशेपानी वही घ्या

बारावीचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फॉर्मवर 'समाजशास्त्र' लिहिलं की घरातून तीन प्रश्न ठरलेले. मामा विचारतो, "म्हणजे समाजसेवा ना?" वडील विचारतात, "पुढं नोकरीचं काय?" आणि कधी शाळेत न गेलेली आजी विचारते, "माणसं कशी वागत्यात हे काय पुस्तकात वाचायचं असतंय व्हय?" तिघांमध्ये आजीचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

मी हा विषय तालुक्याच्या कॉलेजात, मराठी माध्यमातून शिकले आणि आता तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनमध्ये वर्गात नवीन आलेल्या मुलामुलींना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

मामाला आधी वाटेला लावू. समाजकार्य हा वेगळा विषय आहे, त्याची पदवी बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली'च्या मतदानाला बायकांना एकत्र आणणं हे समाजकार्य. त्या मतदानाला कुठल्या आळीतल्या बायका आल्याच नाहीत, का आल्या नाहीत, आणि दुकान बंद झाल्यावर दारू कोणाच्या घरातून विकली जाऊ लागली, हे शोधून काढणं समाजशास्त्र. दोघांची एकमेकांना गरज असते, पण परीक्षा वेगळी, काम वेगळं.

आता आजी. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत मुकादम माणसं मोजत नाही, 'कोयता' मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा आला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्याला, आणि तिचा हिशेब होतो नवऱ्याशी. बीडकडच्या मुलाने हा शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो, त्यामुळे त्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पण जरा थांबून पाहा. बाईची मजुरी स्वतंत्र का दिसत नाही? अर्ध्या कोयत्याला भाव कमी असेल तर पोराचं लग्न लवकर उरकायची घाई कोणाला होईल? उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचा निर्णय कोणाच्या हातात राहतो? कुटुंब, लिंगभाव, श्रम, कर्ज, स्थलांतर असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्या एका शब्दात बसलेला आहे. माहीत असणं आणि दिसणं यांत एवढं अंतर असतं. आजीला माणसं कशी वागतात ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती तशीच का वागतात आणि वेगळी का वागत नाहीत, हा प्रश्न विचारायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. वडिलांच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

पायरी १: प्रवेशाआधीची चौकशी

बीएला राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत सहसा प्रवेश परीक्षा नसते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्स सोडून आलेली मुलंही माझ्या वर्गात असतात आणि सांख्यिकीचा पेपर आला की सगळे त्यांच्याच शेजारी बसायला धडपडतात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे शब्द बदलले आहेत, ते समजून घ्या. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही रचना आली. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'स्पेशल' हा शब्द असतो, म्हणजे टीवायला (तिसऱ्या वर्षाला) निवडायचा मुख्य विषय. आता त्याला मेजर म्हणतात. कुठे तो पहिल्याच सत्रात पक्का करावा लागतो, तर कुठे पहिलं वर्ष दोन-तीन विषय चाखून दुसऱ्या वर्षी ठरवता येतो. जोडीला मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मेजरबाहेरचा निवडीचा कोर्स), कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी बरीच लांब शेपटी आहे. दर सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेलं वजन) असतात, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मधेच सोडावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी कौशल्याचे जादा क्रेडिट करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट जिथे जमा राहतात त्या क्रेडिट बँकेचं खातं पहिल्याच महिन्यात उघडून घ्या, टीवायला धावाधाव करत बसू नका.

कॉलेज निवडताना प्रॉस्पेक्टस वाचू नका, किंवा वाचा आणि बाजूला ठेवा. कॅन्टीनपाशी टीवायची दोन मुलं गाठा आणि हे विचारा. विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, की दरवर्षी नवा माणूस येतो? (मी स्वतः तो 'नवा माणूस' आहे, म्हणून सांगते: दिवाळीपर्यंत नेमणूकच झाली नाही, तर पहिलं सत्र तुम्हालाच ओढून न्यावं लागतं.) विद्यार्थी कमी पडले म्हणून मागच्या काही वर्षांत मेजर बंद पडला होता का? चौथ्या वर्षाची परवानगी आहे का? आणि ग्रंथालयात कपाटापर्यंत जाऊ देतात, की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? हा शेवटचा प्रश्न लहान वाटतो, पण शेजारचं पुस्तक हाती लागणं ही अर्धी पदवी आहे.

मायनर 'सोपा' म्हणून निवडू नका. माझं मत विचाराल तर अर्थशास्त्र किंवा भूगोल घ्या. इतिहास आणि राज्यशास्त्रही चांगलेच, पण त्यांचं वाचन तुमच्याकडून मेजरच्या निमित्ताने तसंही होतं. ओपन इलेक्टिव्हमध्ये सांख्यिकी किंवा संगणकाचा कोर्स असेल तर तो झडप घालून घ्या. तीन वर्षांनी याचसाठी मला दुवा द्याल.

पायरी २: भाषा ठरवा आणि शब्दांची यादी करा

बहुतेक विद्यापीठांत उत्तरं मराठीत लिहिता येतात. लिहा. जी भाषा तुमची आहे त्या भाषेत विचार पुढे जातो. अडचण वेगळीकडे आहे: मराठी पुस्तकांत एकाच संकल्पनेला दोन-तीन शब्द फिरत असतात. नॉर्म म्हणजे कुठे 'प्रमाणक', तर कुठे 'आदर्श नियम'. स्टेटस म्हणजे 'दर्जा', दुसऱ्या पुस्तकात 'स्थान'. एलिअनेशनला मराठीत 'परात्मता' म्हणतात, पण तुम्ही मोबाइलवर हिंदी नोट्स उघडता आणि 'अलगाव' लिहून मोकळे होता. माणसांच्या नावांचीही तीच गत. एकाच फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं नाव कुठे डरखाईम, कुठे द्यूरकेम, हिंदीत दुर्खीम. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तिघांचे वेगवेगळे विचार लिहिले होते. मी मार्क कापले, पण दोष तिचा एकटीचा नव्हता.

म्हणून वहीची शेवटची वीस पानं शब्दांसाठी राखा. इंग्रजी शब्द, त्याचे सापडतील तितके मराठी प्रतिशब्द, आणि त्यातला तुम्ही वापरणार तो कुठला. पेपरभर तोच वापरा.

आणि इंग्रजी वाचन पहिल्या सत्रापासूनच सुरू करा. अख्खं पुस्तक नको, रोज एक परिच्छेद पुरे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची पुस्तकं यासाठी उत्तम: इंग्रजी सोपं, उदाहरणं भारतातली, आणि फुकट. बारावीला हा विषय नव्हता त्यांनी बालभारतीचं बारावीचं मराठी पुस्तक सुट्टीतच वाचून टाकावं. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशावर इंग्रजी-हिंदीत मिळतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. आणि शोधगंगा या संकेतस्थळावर राज्यातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध आहेत, त्यांत मराठीत लिहिलेलेही बरेच. सगळेच चांगले असतात असं नाही, पण तुमच्याच जिल्ह्यावर कोणीतरी तीनशे पानं लिहून ठेवलेली सापडली की मजा येते.

पायरी ३: पहिलं सत्र, व्याख्यांचं जंगल

पहिल्या पेपरात समाज, समूह, संस्था, भूमिका, सामाजिकीकरण, स्तरीकरण असं सगळं येतं. बाजारातली गाइडं यातल्या प्रत्येकाच्या पाच-सहा व्याख्या देतात. मॅकायव्हर आणि पेज ही जोडगोळी, मग गिन्सबर्ग, मग ऑगबर्न आणि निमकॉफ. मुलं पाठ करतात, पेपरात ओततात, उत्तीर्ण होतात, आणि विषय कोरडा आहे असं ठरवून टाकतात. माझा नियम साधा आहे: एका संकल्पनेला एक व्याख्या आणि स्वतः पाहिलेलं एक उदाहरण. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही.

भूमिका-संघर्ष घ्या. अंगणवाडी सेविकेला स्वतःच्याच भावकीतल्या पोराचं वजन कमी भरलं अशी नोंद करायची असते; जाऊ म्हणते, "आमचं पोर काय उपाशी ठेवतो का आम्ही?" सेविका म्हणून तिनं काय लिहावं आणि जाऊ म्हणून काय लिहावं? किंवा समाजशास्त्रज्ञ मर्टनची प्रकट आणि सुप्त कार्यं, म्हणजे एखाद्या प्रथेची उघड सांगितलेली आणि न सांगता होणारी कामं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं प्रकट कार्य वाण लुटणं. सुप्त कार्यं मोजायला बसलात तर पान भरेल: भिशीची बोलणी, पोरींची स्थळं, नवीन आलेल्या बिऱ्हाडाची तपासणी, आणि विधवा बाईला न बोलावून तिची जागा तिला दाखवून देणं.

आता ती दोनशेपानी वही. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं लिहायचं, उजव्या पानावर वाटलेलं. दोन्ही मिसळायचं नाही. "स्टँडवर बायका घाबरून कोपऱ्यात उभ्या होत्या" हे डाव्या पानावर चालणार नाही. घाबरल्या हे तुम्हाला कसं कळलं? "सहा बायका चौकशीच्या खिडकीजवळ, भिंतीला पाठ लावून, बाकांवर अकरा पुरुष, एक बाई" हे डावं पान. हा फरक हाताला बसायला दोन महिने लागतात, आणि तो बसला की पुढे संशोधन पद्धतीचा पेपर जड जात नाही.

पहिला सराव मी नेहमी लग्नपत्रिकांचा देते. घरातल्या कपाटात, गणपतीच्या फोटोमागे, रद्दीत मिळून दहा-पंधरा पत्रिका सहज निघतात. त्या जमिनीवर पसरा. वर कोणाचं चित्र आहे: गणपती, कुलदैवत, विठ्ठल, शिवाजी महाराज, बुद्ध आणि बाबासाहेब? नावापुढे पदवी कोणाची छापली आहे, फक्त नवऱ्या मुलाची की मुलीचीही? वधूच्या आईचं नाव कुठे आहे? निमंत्रकांच्या यादीत नावं कुठल्या क्रमाने येतात, वयाने, नात्याने की राजकीय वजनाने? सरपंच, माजी सभापती, कारखान्याचे संचालक यांची वेगळी चौकट आहे का? व्यवस्थापकांत मित्रमंडळ कधीपासून आलं? 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या यादीत मुलींची नावं किती? जुनी पत्रिका आणि नवी शेजारी ठेवली की आणखी गंमत कळते. नातेव्यवस्था, जात, प्रतिष्ठा आणि सामाजिक बदल या चार घटकांचं साहित्य तुमच्या घरात होतं, फक्त कोणी ते वाचायला सांगितलं नव्हतं. एका वर्षी माझ्या वर्गात पाच मुलांनी मिळून साठेक पत्रिका जमवल्या. त्यातल्या एकीत मुलीच्या आईचं नाव आधी होतं. त्या एका पत्रिकेवर तासभर वाद झाला.

पायरी ४: सिद्धांत, आणि आपल्याकडची माणसं

दुसऱ्या वर्षी कॉम्त, डरखाईम, मार्क्स, वेबर येतात. घाबरायचं कारण नाही. प्रत्येकाला एक प्रश्न छळत होता, तो आधी शोधा. डरखाईमनं १८९७ मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तो एखाद्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते शोधत नव्हता. एका समाजात आत्महत्यांचा दर वर्षानुवर्षं जवळपास तेवढाच का राहतो आणि दुसऱ्या समाजात वेगळा का, हा त्याचा प्रश्न होता. आमची मुलं लगेच उत्तरात विदर्भातला शेतकरी आणतात. आणा, पण दर कशाचा, कुठल्या गटाचा, कुठल्या काळातला हे सांगा. नाहीतर ते वर्तमानपत्राचं अग्रलेख-छाप वाक्य होतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: हा विषय आपल्यासाठी परका नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, हे नगररचनेतले मोठे नाव. १९२४ मध्ये विभाग आला गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. हे मालवणचे. भारतीय समाजशास्त्र परिषद १९५१ मध्ये उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी, आणि तिघांचे रस्ते तीन दिशांना गेले. देसाई मार्क्सच्या वाटेने, श्रीनिवास म्हैसूरजवळच्या खेड्यात, इरावतीबाई नातेसंबंधांच्या शोधात देशभर.

इरावतीबाईंचा पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख पहिल्याच वर्षी वाचा. त्या दिंडीबरोबर चालल्या. एकच अभंग म्हणत चालणारी माणसं मुक्कामाला ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे जेवायला बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. भक्तीही खरी आणि पंगतीतलं अंतरही खरं. दोन्हींपैकी एक खोटं ठरवायची घाई त्यांनी केली नाही. सहभागी निरीक्षण म्हणजे काय, हे गाइडातल्या दहा मुद्द्यांपेक्षा त्या लेखातून लवकर कळतं.

श्रीनिवासांची गोष्ट मुलांना फार आवडते. १९४८ मध्ये त्यांनी रामपुरा असं टोपणनाव दिलेल्या गावात मुक्काम केला. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ते लिहायला बसले असताना तिथल्या जाळपोळीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणीवर विसंबून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. (तुमच्या प्रोजेक्टची फाइल एकाच पेनड्राइव्हमध्ये असते, तेवढ्यासाठी हे लक्षात ठेवा.) संस्कृतीकरण (खालची समजली जाणारी जात वरच्या जातीचे रीतिरिवाज उचलते ते) आणि प्रभावी जात या दोन संकल्पना त्यांच्याच. तुमच्या तालुक्यात साखर कारखाना, दूध संघ आणि पंचायत समिती कोणाच्या हातात आहे ते पाहिलंत की दुसरी संकल्पना वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

बाबासाहेबांना आमची पुस्तकं बऱ्याचदा राज्यशास्त्राकडे ढकलतात. पण ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला, तो निखळ समाजशास्त्र आहे. जातीचं मूळ लक्षण अंतर्विवाह, म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि तो टिकवायचा तर जोडीदार वारल्यावर 'जादा' ठरलेल्या स्त्रीचं आणि पुरुषाचं काय करायचं या प्रश्नातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह कसे येतात, हे त्यांनी पायरीपायरीने मांडलं आहे. लहानसा निबंध आहे, मराठीतही मिळतो. जात आणि लिंगभाव हे वेगवेगळे धडे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी तो दोनदा वाचावा. पुढे पुण्यात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी हा धागा फार लांबवर नेला, पण ते वाचन तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पायरी ५: फील्ड प्रोजेक्ट

इथे थोडं थांबू, कारण पदवीतला खरा विषय इथे आहे आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

आधी शीर्षक. दरवर्षी माझ्याकडे "महिला सबलीकरण: एक समाजशास्त्रीय अभ्यास" या नावाचे पाच प्रोजेक्ट येतात. शीर्षकाला 'एक समाजशास्त्रीय अभ्यास' जोडलं म्हणून अभ्यास होत नाही. विषय इतका लहान करा की तो तुमच्या सायकलच्या टप्प्यात येईल. उदाहरणार्थ: सकाळच्या सातच्या एसटीने तालुक्याला कॉलेजला येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुली. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास त्यांच्याकडे आहे. मग पास फुकट असूनही कोणाची शाळा सुटली, गाडी चुकली तर घरी काय म्हणतात, बारावीनंतर पास बंद झाल्यावर काय होतं? पंधरा मुलींशी नीट बोललात तरी पुरे.

मग प्रश्नावली. ती आधी दोघींना विचारून पाहा, अर्धे प्रश्न तिथेच गळतील. "तुम्ही काम करता का?" हा प्रश्न आम्ही सोलापुरात एका वस्तीत विचारत होतो. बाई म्हणाली, "न्हाई वो, घरीच असते." हे म्हणताना तिच्या मांडीवर सूप होतं आणि बोटं विडी वळत होती. आम्ही 'गृहिणी' लिहिलं. दहाव्या घरी डोक्यात प्रकाश पडला आणि प्रश्न बदलला: "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" मग हजारी विड्यांचा हिशेब बाहेर आला. तसंच "घरात निर्णय कोण घेतं?" हा प्रश्न नवरा शेजारी बसलेला असताना विचारलात, तर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. विचारायचंच असेल तर "शेवटची मोठी खरेदी कुठली? कोणी ठरवली? पैसे कोणी काढून दिले?" असं विचारा.

जात विचारायची की नाही, हे मुलं दबक्या आवाजात विचारतात. विषयाला गरज असेल तरच, शेवटी, चारचौघांत नाही, आणि सांगायचं नसेल तर सोडून द्यायचं. पण एक विसरू नका: तुम्ही त्यांची जात विचारायच्या आधी त्यांनी तुमची काढलेली असते. "आडनाव काय बाळ? मूळचे कुठले?" या दोन प्रश्नांत ते काम होतं, आणि पुढची सगळी उत्तरं त्यावर बेतलेली असतात. तुम्हाला कोणी ओट्यावर बसवलं, कोणी आत बोलावलं, कोणी पाणी विचारलं आणि कोणी विचारलं नाही, हे डाव्या पानावर लिहा. तेही तुमचं निरीक्षणच आहे.

संमती घ्या, खरी नावं लिहू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. छोट्या गावात नाव बदलून भागत नाही, "गावातली एकमेव महिला रिक्षाचालक" म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिथे तपशील थोडा धूसर करा.

आता कबुली. एसवायला असताना आम्ही चौघींनी वीस फॉर्म हॉस्टेलवर बसून भरले होते. वेगवेगळी पेनं वापरली, अक्षरं बदलली. मॅडमनी पाच मिनिटांत ओळखलं. कशावरून? वयांवरून. आमच्या फॉर्ममध्ये वयं होती २३, ३७, ४१, ५२, छान पसरलेली. खरी माणसं असं वय सांगत नाहीत. "असंल पस्तीस", "चाळीस धरा", "पन्नाशीला आलोय की". आपल्याकडे जनगणनेच्या तक्त्यांतही ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांशी माणसांचा ढीग लागलेला दिसतो. आमचं खोटं वास्तवापेक्षा जास्त नीटनेटकं होतं. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "जा, उन्हात जा." आजकाल मुलं चॅटबॉटकडून अहवाल लिहून आणतात आणि त्यांनाही हेच नडतं. पंधराही बायका सुसंगत, समंजस आणि मुद्द्याला धरून बोललेल्या असतात. कुठल्या वस्तीत अशा पंधरा बायका एका ओळीने भेटतात?

अहवालात पंधरा जणींपैकी एकीला "६.६७ टक्के महिला" म्हणू नका. एक बाई म्हणा. टक्केवारी शंभराच्या आसपास माणसं असतील तर शोभते. आणि काम झाल्यावर ज्यांच्याशी बोललात त्यांना दोन पानांत काय सापडलं ते सांगून या. त्या दिवशी तुमच्या निम्म्या चुका त्याच दुरुस्त करून देतील.

पायरी ६: परीक्षा

उत्तराची सुरुवात "मानव हा समाजशील प्राणी आहे" ने करू नका. तपासणाऱ्याने हे वाक्य त्या दिवशी चाळीसदा वाचलेलं असतं. थेट प्रश्नाला भिडा, एक व्याख्या, एक विचारवंत, एक तुमचं उदाहरण, एक टीका. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर आभाळ कोसळत नाही, पण संशोधन पद्धतीची केटी मागे ठेवून पुढे जाऊ नका, तो पेपर पुढच्या सगळ्यांचा पाया आहे.

पायरी ७: वडिलांचा प्रश्न

खरं सांगायचं तर बीए सोशिऑलॉजी या शब्दांना स्वतःची अशी नोकरी नाही. वाटा आहेत, पण त्या दुसऱ्या वर्षापासूनच चाचपाव्या लागतात.

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि त्यानंतर एमए एका वर्षाचं. तीन वर्षांवर थांबलात तर एमए दोन वर्षांचं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा अर्ज वेळेत भरायचा असतो. आमच्याकडची मुलं परीक्षेत नापास होऊन मागे पडत नाहीत, तारीख चुकवून मागे पडतात.

स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून हा विषय घेणारे खूप असतात. यूपीएससी मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर. एमपीएससीनेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करून त्याच धर्तीवर आणली आहे. पदवीचा उपयोग होतो, पण पदवी म्हणजे क्लास नव्हे. फक्त त्यासाठी मेजर घेतलात तर फील्ड प्रोजेक्ट तुम्हाला ओझं वाटेल आणि वर्ग कंटाळवाणा.

बीएड करायचं मनात असेल त्यांनी आत्ताच ऐकावं. दहावीपर्यंत शाळेत समाजशास्त्र नावाचा विषय नाही, तो अकरावी-बारावीला येतो. त्यामुळे बीएडला अध्यापन पद्धती कुठल्या मिळतील हे आधी तपासा आणि इतिहास किंवा भूगोल मायनर ठेवा. हे कोणी न सांगितल्याने माझ्या ओळखीतल्या दोघींची दोन वर्षं गेली.

बाकी कामं कुठली? सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, स्वयंसेवी संस्थांतलं मूल्यमापन, ग्राहक संशोधन, मनुष्यबळ विभाग, पत्रकारिता. सुरुवातीचा पगार फार नसतो. तिथे पदवीचं नाव कोणी विचारत नाही. मुलाखत घेता येते का, ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवता येतं का, एक्सेलमध्ये तक्ता बनवता येतो का, मराठी युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता येतं का, आणि इंग्रजी अहवाल वाचून त्यातलं गावकऱ्याला समजेल असं सांगता येतं का, हे विचारतात. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची गणना व्हायची आहे. मोजणी करणारे बहुतेक शिक्षक आणि सरकारी कर्मचारी असतील, म्हणजे तिथे तुमच्यासाठी भरती निघेल अशी आशा धरू नका. पण ते आकडे बाहेर आल्यावर त्यांच्यावर जे रणकंदन माजेल, त्यात तक्ता शांतपणे वाचू शकणारा माणूस प्रत्येक वर्तमानपत्राला आणि संस्थेला लागेल.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. तेव्हा वहीच्या शेवटच्या वीस पानांवरची ती शब्दांची यादी बाहेर काढावी लागते. माझी अजून जपून ठेवली आहे, कोपरे कुरतडलेली. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिची झेरॉक्स मागून नेली आणि परत देताना त्यातल्या सात प्रतिशब्दांवर लाल पेनाने प्रश्नचिन्हं करून दिली. चार ठिकाणी तिचंच बरोबर होतं.